श्रीपतीमामांचा डांगी कॅमेरा

तुमच्या घरात तुमच्या आईचा एकटीचा फोटो आहे का? लग्नाच्या घोळक्यातला सांगू नका. कुणाच्या बारशात मागच्या रांगेत अर्धा चेहरा दिसतो, तोही नको. आधार कार्डावरचा तर धरूच नका, तो फोटो म्हणजे माणसाला झालेली शिक्षा आहे. मी विचारते आहे ते तिच्या रोजच्या साडीतल्या, तिच्या कामातल्या फोटोबद्दल, ज्यात ती स्वतःच्या मर्जीने समोर बघते आहे. आणि तो कागदावर छापलेला हवा. उठा, भिंती बघून या, मी थांबते... नाही ना? मग हे तुमच्यासाठीच लिहिते आहे.

माझे मामा, श्रीपतीमामा, आयुष्याची शेवटची पाच वर्षं या एका प्रश्नाच्या मागे होते. त्यांना जाऊन सात आठवडे झाले. आम्ही नगरजवळ नागापूरला राहतो, एमआयडीसीच्या कडेला. त्या सकाळी वडील डबा घेऊन पहिल्या पाळीला निघाले होते, तेवढ्यात घोडेगावजवळच्या आमच्या आजोळाहून मामेभावाचा, बाळूदादाचा फोन आला. "आत्याला दे," एवढंच तो म्हणाला. मामा नेहमीसारखे उठून गोठ्यात गेले होते, गाईला वैरण टाकली, गव्हाणीला टेकून बसले आणि तसेच गेले. आईने फोन ठेवला. तिने पिशवी भरली आणि सगळ्यात खाली, दोन साड्यांच्या मध्ये, एक पाकीट ठेवलं. त्यात काय आहे ते मला दुपारी कळलं. अंत्यविधी उरकून माणसं ओट्यावर बसली होती. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता. फ्लेक्सवाला फोनवर बाळूदादाला सांगत होता, "आधार कार्ड पाठवून द्या, चेहरा कापून घेतो, मागं ढग टाकतो." बाळूदादा मोबाईलमध्ये आधार शोधायला लागला, तशी आई आतून आली. "आधार द्यायचं न्हाई. माझ्याकडं हाय दादाचा फोटू."

पाकिटातला फोटो तिने पुढे केला. मामा त्यात तोंड उघडून हसत होते. कसनुसं हसू नव्हे, पोटातून आलेलं हसू. वरच्या ओळीतला एक दात नाही, त्या खिंडीतून जीभ दिसते आहे आणि डोळे मिटल्यासारखे झाले आहेत. भावकीतले थोरले, अण्णा, यांनी तो हातात घेतला आणि आईकडे बघितलं. "सुमन, ह्ये काय? दुःखाच्या फ्लेक्सवर मानूस दात काढून हसतोय. लोक काय म्हनतील?"

"जन्मभर हसतच हुता की तो. आता का तोंड मिटायचं त्यानं?"

त्या वादाचं काय झालं ते सांगणारच आहे. पण त्याआधी हा फोटो कुठून आला ते सांगायला हवं, कारण तो आमच्याकडे असणं हीच आमची लढाई होती.

मामा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचा मालक आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभं राहून सौदा जमवायचा, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. आमच्याकडे हा सौदा उपरण्याखाली होतो. दोघांचे हात कापडाखाली जातात, बोटं दाबून भाव सांगितला जातो आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना आकडा कळत नाही. मामांना जनावराचे दात बघून वय सांगता यायचं, चाल बघून स्वभाव सांगता यायचा. पण स्वतःच्या बायकोचा चेहरा जपून ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मामी सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तिचा एकटीचा एकही फोटो सापडला नाही. शेवटी एका लग्नातल्या फोटोतून तिला कापून काढलं. स्टुडिओवाल्याने मागे निळा पडदा घातला, कानात तिने कधी न घातलेले सोन्याचे झुबे रंगवले, पण खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहून गेला. तो फोटो हार घालून ओसरीत लागला. मामा जेवायला बसले की समोर तोच. एकदा घास हातात धरून ते मला म्हणाले, "ही कोनाची बायको हाय गं?"

वर्षभराने त्यांचा फोन आला. "पत्रकबाई, कॅमेरा घ्यायचाय. कुटला घिऊ, सांग." पत्रकबाई हे त्यांनी मला ठेवलेलं नाव. माझे वडील कारखान्यातल्या कामगारांची पत्रकं लिहायचे आणि घरात दोरीवर कपड्यांशेजारी ओल्या शाईची पत्रकं वाळत असायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. ‘आई’ या शब्दाच्या आधी मला ‘अन्याय’ लिहिता येत होता. तर पत्रकबाईने मामांना भाषण दिलं. मोबाईलमध्ये कॅमेरा आहेच, वेगळा कॅमेरा ही बाजाराने तयार केलेली गरज आहे, आपण तिला बळी पडता कामा नये, वगैरे. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मोबाईलमधी तुझ्या मामीचे लई फोटू हुते. बाळूनं मोबाईल बदलला आन मरायच्या आधीच ती एकदा गेली."

त्यानंतर मी तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. कॅमेऱ्यांबद्दल मिळेल ते वाचलं. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असायचा, आता बिनआरशाचे आले आहेत. त्यांच्या पडद्यावर जसं दिसतं तसाच फोटो येतो. उजेड कमी असेल तर तेही बटण दाबायच्या आधीच कळतं. मामांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले होते, त्यांना हे फार पसंत पडलं. "म्हंजे घ्यायच्या आधी बैल चालवून बघितल्यागत," ते म्हणाले. चाळणी लावून शेवटी दोन कॅमेरे उरले. एक मोठा, ज्याच्या आतली प्रकाश टिपणारी पट्टी, म्हणजे सेन्सर, मोठी होती. दुसरा तळहातावर मावेल एवढा, सेन्सरही लहान. मी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूला दोघांचा तक्ता केला आणि मोठ्याच्या खाली लाल शाईने लिहिलं, तडजोड नाही. माझा मुद्दा तत्त्वाचा होता. नटीच्या चेहऱ्याला मोठा सेन्सर आणि गोठ्यातल्या बाईला छोटा, हा भेदभाव आपण का करायचा? शिवाय छोट्याचा फोटो मोठा करायला गेलं तर तो फाटेल, म्हणजे ठिपके ठिपके दिसेल, हे मी ठासून सांगितलं. मामांनाही पटलं, कारण बाजारात भरल्या छातीचं जनावर आधी नजरेत भरतं. मोठा कॅमेरा आला. मामांनी त्याला नाव दिलं खिलार. शर्यतीतल्या देखण्या बैलासारखा दिसतो म्हणून.

आणि आम्ही सपशेल हरलो. खिलार गळ्यात घालून मामा गावात फिरायला निघाले तर बायकांना वाटलं सर्वे आला, दोघी रेशनकार्ड आणायला घरात पळाल्या. कॅमेरा डोळ्याला लागला की समोरची बाई पदर कपाळापर्यंत ओढायची, हात मांडीला चिकटवायची आणि मतदार यादीत नाव शोधायला आल्यासारखी उभी राहायची. शेजारच्या भामाबाई धार काढत होत्या तिथे मामांनी बटण दाबलं. त्या खटक्याने गाय बिचकली आणि तिने पान्हा चोरला. "भाऊजी, डेरीला दूध तुमी घालनार का आता?" भामाबाई म्हणाल्या, आणि महिनाभर त्यांनी मामांना गोठ्याच्या बाजूला फिरकू दिलं नाही. त्यात मामांचा उजवा हात थरथरायचा. एवढं धूड धरलं की फोटोतली माणसं भुतासारखी दुहेरी यायची.

भाऊबीजेला आई माहेरी गेली, मीही होते. ओवाळून झाल्यावर मामा म्हणाले, "सुमे, बस जरा तिथं. एकटीचा काढतो तुझा." आईचा चेहरा उतरला. "नको रं दादा. एकटीचा फोटू भिंतीवर जायलाच असतो." मी लगेच सुरू झाले. ही अंधश्रद्धा आहे, फोटोने कुणी मरत नाही... आईने ताट उचललं आणि जाता जाता मला म्हणाली, "तुझ्या पत्रकात लिही." मामा मात्र माझ्या बाजूने बोलले नाहीत. कॅमेरा पिशवीत ठेवत म्हणाले, "तुझी आई चुकीची न्हाई. आपन बाईला एकटीला कवा बघतो? ती गेल्यावर. तिला तेवढंच ठावं हाय."

मला वाटलं आता कॅमेरा पेटीत जाणार. पण मामा बाजारातले. एक सौदा फसला म्हणून बाजार सोडणारे नव्हेत. "खोड जनावरात न्हाई," ते म्हणाले. "आपल्याला वखर हाकायचा हुता, आन आपन शर्यतीचा बैल आनला. काम न बघता जनावर घेतलं, ही गिऱ्हाइकाची खोड." मान्य करायला मला जड गेलं, पण ते गिऱ्हाईक मीच होते. तडजोड नाही असं मी कुणाच्या जिवावर लिहिलं होतं, हे मी तोवर स्वतःला विचारलं नव्हतं.

खिलार पिशवीत घालून आम्ही तो घेतला होता त्याच नगरच्या दुकानात गेलो. दुकानदार जुना कॅमेरा बदलून द्यायला तयार होता. मामांनी तो छोटा कॅमेरा मागून घेतला आणि म्हणाले, "चालवून बघू द्या. दावनीला बांधलेला बैल कुनी घेत न्हाई." दुकानदार हसत दारापर्यंत आला. भर उन्हात फूटपाथवर उभं राहून मामांनी आधी पडदा नीट दिसतो का ते बघितलं. मग एका हाताने कॅमेरा धरून मुद्दाम हात थरथरू दिला. त्या कॅमेऱ्यात हाताचा हिसका आतल्या आत जिरवायची सोय होती, फोटो स्वच्छ आला. पडदा उचलून आडवा होत होता, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरून खाली बघत फोटो काढता येत होता. मामा समोरच्या केळीवालीकडे गेले, तिच्याशी भावावरून हुज्जत घालू लागले, ती हातवारे करत त्यांना उत्तरं देऊ लागली. आवाज बंद ठेवायचं बटण होतं, तिला काही कळलं नाही. मग मामांनी पडदा तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "ठिवू का पुसू?" ती बघत राहिली. स्वतःला भांडताना तिने कधी बघितलंच नसावं. "ठिवा की," ती म्हणाली. "बरी दिसतीय की मी."

दुकानात परत येताना मामांची चाल बदलली होती. "त्यो मोठा डोळ्याला लावला की माझं तोंड झाकायचं," ते मला म्हणाले. "आपलं तोंड झाकून दुसऱ्याचं बघायचं, ह्ये बरं न्हाई. जन्मभर उपरन्याखाली सौदा केला. ह्यो सौदा उघडा पायजे." दुकानदाराने प्रामाणिकपणे बजावलं, "काका, याचा सेन्सर छोटा आहे बरं का."

"मानूस मोठा दिसला म्हंजे झालं. पावसात चालतो का?"

"थोडाफार भिजला तरी काही होत नाही याला."

"मग ह्यो डांगी," मामा म्हणाले, आणि नाव पक्कं झालं. अकोले तालुक्याच्या डोंगरात, भंडारदऱ्याच्या बाजूला ही डांगी जातीची जनावरं असतात. दिसायला बेताची, पण धो धो पावसात दिवसभर उभी राहतात. एवढं बोलून मामांनी उपरणं काढलं आणि दुकानदाराच्या हातावर टाकलं. तो गोंधळला. "हात घाला की आत," मामा म्हणाले. काचेच्या कपाटांमध्ये, संगणकावर बिल तयार असताना, त्या माणसाने उपरण्याखाली हात घातला. दोघांची बोटं काय बोलली कोण जाणे, पण दुकानदार इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. किती कमी झाले ते मला आजतागायत माहीत नाही.

घरी येताच मामांनी कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाकला. त्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. "फुकट जाहिरातीला जुपून घ्यायला मी काय कुनाचा बैल हाय?" त्यांनी सुताचा बारीक कासरा वळला, टोकाला लाल गोंडा लावला आणि डांगी गळ्यात घातला.

त्यानंतर जे झालं ते मी छाती पुढे काढून सांगते. डांगी गोठ्यात गेला, शेतात गेला, पिठाच्या गिरणीवर गेला. मामा बायकांशी बोलत राहायचे, कॅमेरा पोटाशी असायचा, आणि प्रत्येक फोटोनंतर तोच प्रश्न, ठेवू का पुसू. पुस म्हटलं की त्या बाईच्या डोळ्यांदेखत पुसायचे, कधी गळ घातली नाही. ठेव म्हटलं की नगरला जाऊन कागदावर छापून आणायचे आणि तिच्या हातात द्यायचे. पहिला फोटो भामाबाईंचा. गुडघ्यांत चरवी, गाईच्या पोटाला टेकवलेलं डोकं आणि तिरक्या डोळ्यांनी मामांकडे टाकलेला कटाक्ष. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, जित्या माणसाचा फोटो देवळीत मेलेल्यांशेजारी लावायचा नाही. भामाबाईंनी तो दूध डेअरीच्या भिंतीवर लावला. "मी रोज तिथंच उभी असती," त्या म्हणाल्या. पंधरा दिवसांनी गिरणीवाल्या काकूंनी मामांना रस्त्यात गाठलं, "भामीचा लावला, माझा कवा?" आज त्या डेअरीच्या तीन भिंती भरल्या आहेत. खुरपणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, ट्रॅक्टर चालवणारी एक, आणि बांधावर पाय पसरून नुसती बसलेली एक. तिच्याखाली मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, "इस्रांती हे पन काम हाय." मी शेकडो पत्रकं वाटली आहेत. त्यातली बरीच भजी बांधायला गेली, हे मला ठाऊक आहे. त्या भिंतीवरचा एकही कागद आजवर कुणी फाडलेला नाही.

आई मात्र तीन वर्षं बधली नाही. मामांनीही पुन्हा विषय काढला नव्हता. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ते आमच्याकडे नागापूरला आले होते. आई त्यांच्यासाठी शेंगोळे करत होती. हुलग्याचं पीठ मळून ताटात वळ्या वळत होती. मामा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी गळ्यातून डांगी काढला आणि तिच्यापुढे धरला. "सुमे, माझाच काढ एक. सगळ्यांचे काढतो, माझा कोन काढनार?" आई म्हणाली, मला कुठं येतं. "बघ त्या पडद्यात. दिसलो की दाब." तिने हात पदराला पुसले, पीठ तरी राहिलंच, आणि कॅमेरा पोटाशी धरून खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिली... एका माणसाकडे, नुसतं, एकट्याकडे बघायची तिची बहुधा ती पहिलीच वेळ. मग म्हणाली, "दादा, तुझा वरचा दात कवा पडला रं?"

"झालं की वरीस."

"लोकाच्या बैलांचे दात बघून वय सांगतोस व्हय? आता तुझं सांगती. आ कर."

मामांनी खरंच आ केला आणि तसेच हसत सुटले. तिने बटण दाबलं. पडद्यावर ते हसू बघून ती स्वतःही हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मामांनी न विचारताच तिने डांगी त्यांच्या हातात दिला, ताट पुढे ओढलं आणि म्हणाली, "काढ आता माझा. पदर न्हाई घेनार मी डोक्यावर." तिने घेतला नाही. तो फोटो आमच्या स्वयंपाकघरात आहे. पिठाचे हात, बोटांत अर्धवट वळलेला शेंगोळा आणि समोर रोखून बघणारी माझी आई. रोज ती त्याच्यासमोर स्वयंपाक करते. भिंतीवर गेल्याने ती मेली नाही, उलट जरा ताठ उभी राहते.

म्हणून त्या दुपारी अण्णांसमोर ती मागे हटली नाही. अण्णा म्हणाले, गंभीर फोटो हवा. आई म्हणाली, "गंभीर त्यो नव्हताच." अण्णांनी भावकीचा मान काढला. तेव्हा ओट्याच्या खालून भामाबाई बोलल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी बोलत नाहीत. "अन्ना, आमी सगळ्या जनी भिंतीवर हसतोय, त्या मानसानं बसवल्यात. आन त्यालाच तुमी आधार कार्डात घालनार?" अण्णांनी फोटो पुन्हा हातात घेतला. दाताच्या खिंडीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्यो दात मीच पाडला असता एकदा, बैलाच्या वादात. लावा हसताना."

फ्लेक्स लागला, दोन पुरुष उंचीचा. मी जवळ जाऊन बघितलं. छोट्या सेन्सरचा फोटो मोठा केला की फाटतो, असं मी पाच वर्षांपूर्वी ठासून सांगितलं होतं. कुठेही फाटला नव्हता. मामांच्या डोळ्यांजवळची एकेक सुरकुती मोजता येत होती, मिशीचा पांढरा केसन् केस दिसत होता. मी हरले होते आणि इतकं छान मला आजवर कधी वाटलं नाही. बाजाराच्या दिवशी माणसं बैल घेऊन चौकातून जात होती. वर बघायची, थांबायची, रडायला तोंड वाकडं व्हायचं आणि त्याच तोंडाने हसायची. एक म्हातारा व्यापारी हात जोडून म्हणाला, "श्रीपती, दात दावतोस व्हय? आता कोन वय सांगनार तुझं?"

ओसरीतला मामीचा झुबेवाला फोटो अजून तिथेच आहे. मामांनी तो काढू दिला नव्हता, चूक समोर असावी म्हणायचे. त्याच्या खालच्या खुंटीला डांगी असायचा. तेराव्यानंतर बाळूदादाने तो आईला दिला. आता तो आमच्या घरात खुंटीवर आहे, लाल गोंडा खाली लोंबतो आणि कासऱ्याला हुलग्याचं पीठ लागलेलं आहे, जे आई झटकू देत नाही. रविवारी ती तो गळ्यात घालते आणि वसाहतीत निघते. परवा पाळीवरून आलेल्या शेजारच्या बाईला तिने विचारलेलं मी ऐकलं, "ठिवू का पुसू?"

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. कुठला कॅमेरा चांगला, हे मला विचारू नका. जो घेऊन तुम्हाला तुमचं तोंड झाकावं लागणार नाही तो चांगला, मग तो मोबाईल का असेना. येत्या रविवारी तुमच्या आईच्या, सासूच्या, तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या समोर बसा. त्यांच्याशी बोला. बोलता बोलता एक फोटो काढा, त्यांना दाखवा आणि विचारा. पुस म्हणाल्या तर पुसा. ठेव म्हणाल्या तर सोमवारी तो कागदावर छापून आणा आणि त्यांच्याच हातांनी भिंतीवर लावा, त्यांना रोज येता जाता दिसेल अशा जागी.